पहिल्या ओळीतला शब्द

माझं शिक्षण सातवी, तेही नापास. त्यामुळे हे वाचताना कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर मला बोलू नका. माझं शुद्धलेखन बघणारी बाई गेली आणि तेव्हापासून माझ्या चुकांना कुणी मालक राहिला नाही.

आयुष्यभर मी स्क्रीन प्रिंटिंग केलं. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, त्यावर मजकूर उमटवून घ्यायचा आणि वरून रबराच्या पट्टीने शाई ओढायची. हंगामात पिंपळगावच्या द्राक्षांच्या पेट्या. एरवी लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, दहाव्याच्या पत्रिका. सातपूरला आमच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, सगळा कारभार तिथे. मजकूर जुळवायचं काम बायकोचं. ती बारावी झालेली, बागलाणातली, जिभेला धार. आधी हाताने अक्षरं काढायची. मग तिने कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि घरात कॉम्प्युटर आला. क्लासच्या सरांनी त्यात लिनक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. बाकीचे पत्रिकावाले चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचे. ही म्हणाली, "देवाधर्माच्या पत्रिका चोरीच्या मालावर जुळवायच्या नाहीत." लिनक्सच्या चिन्हातला पेंग्विन आमच्या घरात आला तो असा.

माझे नियम दोनच. जे डोळ्यांना दिसत नाही ते छापायचं नाही. आणि पहिल्या ओळीत देवाचं नाव असल्याशिवाय फ्रेमला शाई लावायची नाही. गिऱ्हाईक म्हणालं नको, तर त्याला दुसरं दुकान दाखवायचो.

ती आजारी पडली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पंधरा दिवस तिने कॉम्प्युटरसमोर काहीतरी खुडबुड केली आणि मला बोलावून सांगितलं, "दहाव्या-तेराव्याला घाईत कुणीही काहीही छापतं. ते जाऊ द्या. वर्षाची पत्रिका माझी मी करून ठेवलीये. 'वर्ष' नावाची फाईल आहे. तारखेची जागा मोकळी सोडलीये, तेवढी तुम्ही भरा."

मी म्हणालो, "मरायची पण ॲडव्हान्स ऑर्डर?"

"मग काय करू? तुमचं एक काम वेळेवर होत नाही."

ती गेली. तेराव्याची पत्रिका मुलीने बाहेर छापून घेतली, मी शुद्धीवर नव्हतो. तिच्या नावात पहिलाच उकार आहे, ऱ्हस्व. बाहेरच्या शहाण्याने तो दीर्घ ठोकला. ज्या बाईने अख्ख्या सातपूरच्या नवऱ्यानवरींचे उकार सरळ केले, तिचं नाव तिच्याच तेराव्याला चुकलं. उरलेला गठ्ठा माझ्या हातात आला तेव्हा बाकीच्या पत्रिका वाटून झालेल्या होत्या. मी तेव्हाच ठरवलं. वर्षाची पत्रिका तिच्याच फाईलमधून निघेल, माझ्याच हाताने छापली जाईल, आणि उकार ऱ्हस्व असेल.

आणि वर्षाला एक महिना राहिलेला असताना कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आणि सगळं काळं झालं.

आमच्या नाक्यावर एक मिस्तरी आहे. पूर्वी जाडजूड नळीचे टीव्ही दुरुस्त करायचा. टीव्ही भिंतीवर गेले तसा हा कॉम्प्युटरकडे वळला. पन्नाशीचा मुसलमान माणूस, दाढीला मेंदी, मला चाचा म्हणतो. घरी आला, झाकण उघडलं, आत टॉर्च मारला.

"चाचा, पेशंट जिवंत हे. फक्त नजर गेली. बोर्डावरचं चित्राचं सर्किट जळालं. नवीन ग्राफिक कार्ड बसवतो, चालेल?"

"फाईली?"

"फाईलींना धक्का नाय लागणार. त्या डिस्कमधी हेत."

मग त्याचं लक्ष डब्याच्या कपाळावर चिकटवलेल्या चिठ्ठीकडे गेलं. चिठ्ठीवर हळदीकुंकवाचे इतके थर, की अक्षर दिसायची मारामार. ती चिठ्ठी बायकोच्या हातची. कॉम्प्युटर नवा आला तेव्हा चालूच होईना. चालू केला की काळा पडदा. सरांनी येऊन कुठेतरी एक शब्द टाकला आणि मशीन सुरू झालं. तिने तो शब्द इंग्रजी अक्षरांत चिठ्ठीवर लिहिला आणि खाली मराठीत लिहिलं, 'हा शब्द पहिल्या ओळीत असलाच पाहिजे. काढू नये.'

मिस्तरीने चिठ्ठीकडे बोट केलं. "हे काय?"

"देवाचं नाव आहे. त्याला हात लावायचा नाही."

"अरे, माफ करा," म्हणत त्याने हात मागे घेतला. स्क्रू ड्रायव्हर चिठ्ठीवर टेकवला होता तोही उचलून खाली ठेवला. भला माणूस. त्या दिवसापासून तो त्या चिठ्ठीला वळसा घालूनच काम करायचा. इथेच आमचं घोडं अडलं, पण ते मला चार दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी नवं कार्ड आलं. दोन पंखे असलेलं, चांगलं वीतभर लांब. बसवलं, बटण दाबलं, चित्र आलं. मी हात जोडणार तेवढ्यात नीट बघितलं. अक्षरं अशी जाड, की गोणपाटावर छापलीत. आणि मागे आमच्या बाईचा फोटो, गंगापूर धरणावर काढलेला. ती हयातभर काडी. फुंकर मारली तर उडेल अशी. पडद्यावर मात्र गाल भरलेले, खांदे रुंद, एकदम पाटलीणबाई. खरं सांगतो, दोन मिनिटं मला बरं वाटलं. लग्न झाल्यापासून सांगत होतो, जरा खात जा.

मिस्तरी चाचरत म्हणाला, "चाचा... चाची अशा नव्हत्या ना?"

"नव्हती."

"पडदा रुंद हे आणि चित्र येतंय चौकोनी. म्हणून आडवं ताणलं जातंय." त्याने सेटिंग उघडून दाखवलं. तिथे ठिपक्यांचा आकडा असतो. आडवे एक हजार चोवीस, उभे सातशे अडुसष्ट. "आपला पडदा हे एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशीचा. तो आकडा यादीतच नाय. यादीत एकच आकडा, ब्रह्मचाऱ्यासारखा बसलाय."

हे मला लगेच समजलं. जाळीचंच गणित. बारीक भोकांची जाळी असली की केसासारखी रेघ छापता येते, मोठ्या भोकांची असली की रेघेचा दोरखंड होतो. मी म्हणालो, "म्हणजे माझ्याकडे बारीक जाळीची फ्रेम आहे, आणि तू माझ्याकडून गोणपाटातून शाई ओढून घेतोयस."

"बराबर. पण का ओढतोय ते मलाच कळंना."

जाड तर जाड, मी म्हटलं, आपल्याला फाईल छापण्याशी मतलब. 'वर्ष' उघडायला गेलो. तर एक पाटी आली. मागच्या वेळी मशीन अचानक बंद पडलं होतं, आता फाईलचं काय करू, असं काहीतरी विचारत होती. उत्तराची बटणं पाटीच्या तळाला, आणि पाटीचा तळ पडद्याच्या खाली गेलेला. बटण आहे, पण टेबलाच्या आत कुठेतरी आहे. मी एंटर दाबलं तर पाटी गेली आणि फाईलही मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. मी खुर्चीवरून उठून पडद्याच्या खालच्या कडेतून आत डोकावून बघितलं. हसू नका, तुम्हीही बघितलं असतं.

फाईल माझ्या दुकानात नेऊन उघडू, असं मिस्तरी म्हणाला, पण तिची फाईल मी घराबाहेर जाऊ देणार नव्हतो. मग त्याने तीन दिवस जिवाचं रान केलं. केबल बदलली. पडदा त्याच्या दुकानातला आणून लावला. दोन दिवस मोबाइलमध्ये वाचून वाचून कार्डाचा ड्रायव्हर घातला. लिनक्सचा गाभाच नवा आणून बसवला. दरवेळी मशीन बंद करून चालू करायचं, दोघांनी श्वास धरायचा, आणि आमची पाटलीणबाई गाल फुगवून हजर.

संध्याकाळी मुलीचा फोन. ती कळवणला सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

"आण्णा, झालं का?"

"होतंय."

"होतंय म्हणजे नाही झालं. पाव्हण्यांना पत्रिका जायला आठ दिवस राहिलेत. बाहेरून करून घ्या. मी मजकूर पाठवते."

"बाहेरून केली होती तेराव्याची. आईच्या नावाचं काय झालं ते विसरलीस?"

"या वेळी मी नीट तपासून देईन ना."

"तुझे स्वतःचे उकार तुझी आई तपासायची. फोन ठेव."

ठेवला तिने. माझ्यासारखीच आहे, राग आला की निरोप घेत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मिस्तरी आला तो मोबाइल नाकाला लावूनच. इंटरनेटवर कुणीतरी त्याला विचारलं होतं, मशीन सुरू होतानाची पहिली ओळ दाखव. त्याने ती ओळ असलेली फाईल उघडली आणि वाचली. पडद्याकडे बघतोय, चिठ्ठीकडे बघतोय. दाढी खाजवतोय.

"चाचा, ते देवाचं नाव मला एकदा म्हणून दाखवता?"

"नमो देसेट."

"कोणते देव म्हणायचे?"

"देसेट."

"असतात कुठं?"

"मला काय ठाऊक? तिच्या माहेरचे असतील. बागलाणात खूप देव आहेत."

मिस्तरीने ओठ आत दुमडले. खांदे हलायला लागले त्याचे. "चाचा, रागवू नका. तुमच्या देवाबद्दल माझ्या तोंडून वावगं जायचं नाय. पण हे देव नायत. हे इंग्रजी हे. तीन शब्द चिकटवलेत. नो. मोड. सेट."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनला हुकूम, की चित्राचा मोड, तो ठिपक्यांचा आकडा, लावू नको, हे तसंच गप पडू दे. जुन्या सर्किटला ते झेपत नव्हतं, म्हणून सरांनी घातला असंल. नवीन कार्ड बिचारं पैलवान, पण त्याला दारातच सांगितलं जातंय, कुस्ती खेळू नको. मग ते काय करंल? एक हजार चोवीसवर बसून राहातंय."

मी खुर्चीत बसलो. मला आठवायला लागलं.

दर खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. फ्रेमा, रबराची पट्टी, कात्री आणि शेवटी कॉम्प्युटर. मी त्या चिठ्ठीला हळदकुंकू लावायचो, फूल ठेवायचो, डोळे मिटून तीन वेळा मोठ्याने म्हणायचो, नमो देसेट, नमो देसेट, नमो देसेट. इंग्रजी अक्षरं मला पत्रिकांमुळे वाचता येतात, आणि इंग्रजीतल्या ओ या अक्षराला कधी ओ म्हणतात, कधी अ, हेही पत्रिकांनीच शिकवलेलं. मी डोळे उघडायच्या आत ही पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळालेली असायची. मला वाटायचं बाईला भरून येतं. एकदा विचारलं होतं, "ही देवता कोणती गं?" तर सरळ चेहऱ्याने म्हणाली होती, "लय जागृत हे. नाव घेतल्याबिगर मशीन चालू होत नाही."

सहा वर्षं. सहा खंडेनवम्या माझ्याकडून करून घेतल्या तिने, आणि शेवटपर्यंत फोडलं नाही.

मला इतकं हसू आलं, की ठसका लागला. मिस्तरी पाणी आणायला धावला. ती गेल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसत होतो, आणि हसवलं होतं तिनेच.

हसून झालं आणि मिस्तरी म्हणाला, "तर मग काढू तो शब्द?"

आता बघा, देव नाही हे कळलं, तरी खाली तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं ना, काढू नये. देवाचं सोडा, मी त्या बाईचं मोडलेलं नाही कधी. मोडलं असेल तर लगेच भोगलंय. आणि तिच्या हातचं घरात आता नवीन काही येणार नव्हतं. जे लिहून ठेवलंय तेवढंच. त्यातला एक शब्द पुसा म्हणतोय हा.

"समजा काढला आणि मशीन मेलं तर? फाईल आत आहे."

"चाचा, आधी फक्त एकदा काढून बघू. चालू होताना तात्पुरता पुसायचा. नाय जमलं तर बंद करून चालू केलं, की शब्द आपोआप जागेवर. चिठ्ठीला तर मी हातच लावत नाय."

हे पटलं. छापायच्या आधी एक कागद वाया घालवून बघतो तसंच. मी म्हणालो, "पण पुसणार मी."

त्याने मशीन बंद करून चालू केलं. सुरुवातीची यादी आली तशी एक कळ दाबून आतल्या ओळी उघडल्या आणि बाण तिच्या शब्दाच्या टोकाला नेऊन ठेवला. मग उठून मला जागा दिली. पुसायची कळ मी नऊ वेळा दाबली. नऊच अक्षरं होती. प्रत्येक अक्षर जाताना मी मोजत होतो.

मिस्तरीने पुढे चालू केलं. पडदा काळा.

काळाच.

"चाचा, थांबा," तो म्हणाला. कार्डाचे पंखे एकदम फुरफुरले आणि थांबले.

आणि मग चित्र आलं. बारीक, स्वच्छ, मी माझ्या उमेदीत छापायचो तसं. रेघ न रेघ सुटी. आणि मधोमध ती. गाल बसलेले, गळ्याची हाडं दिसतायत, वाऱ्याने पदर उडालाय तो धरायला वर केलेला हात म्हणजे नुसती बांगडी आणि मनगट. तीच. पाटलीणबाई गेली आणि माझी बायको आली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या त्या लागल्या. मिस्तरी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत बसला, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

'वर्ष' उघडली. पाटी आली, पण आता इवलीशी, मधोमध, बटणांसकट. दाबलं. पत्रिका उघडली.

पहिल्या ओळीत, जिथे श्री असतो तिथे, दोन्ही बाजूंना दोन दोन दंड देऊन लिहिलं होतं, ॥ नमो देसेट ॥

मिस्तरी आधी हसला. मग मी. माझा नियम तिला माहीत होता. पहिल्या ओळीत देवाचं नाव नसेल तर हा छापणार नाही. म्हणून तिने नाव घातलं होतं, आणि असं घातलं होतं, की ते देवाचं आहे असं मला एकट्यालाच वाटेल.

खाली मजकूर होता. तो जसा आहे तसा देतो.

'मला जाऊन दि. .......... रोजी वर्ष होत आहे. तरी घरी जेवायला यावे. माझ्या नावामागे कैलासवासी लावलेले नाही, कारण पत्ता अजून पक्का कळलेला नाही. माझ्याविषयी खोटे चांगले बोलू नये, खरे वाईट बोलले तर चालेल. कीर्तन लांबवू नये, वरण गार होते. यांनी चहात साखर मागितली तर देऊ नये.'

त्याखाली तिचं नाव. उकार ऱ्हस्व. आणि अगदी तळाला, 'छापणारा' असं लिहून माझं नाव. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पत्रिका छापल्या, स्वतःचं नाव पहिल्यांदा वाचलं.

तारीख मी भरली, एका बोटाने. आकडे चार वेळा तपासले. मिस्तरीने तो शब्द आता कायमचा काढला, पुन्हा चालू करून दाखवलं, आणि चिठ्ठी होती तिथेच राहू दिली. जाळीवर उमटवायला मी बटर पेपरवर पत्रिका काढून घेतली आणि पत्र्याची खोली उघडली. जाळी घरातली सगळ्यात बारीक निवडली. मोरपंखी शाई घेतली, तिच्या आवडीची. हाताची सवय मोडली होती, पहिल्या दहा पत्रिका वाया गेल्या. अकराव्या पत्रिकेपासून हाताला आठवलं.

शनिवारी मुलगी आली. पत्रिका उचलली, पहिली ओळ वाचली आणि कपाळाला आठ्या. "आण्णा, हे कुठले देव?"

मी सगळं सांगितलं. ती हसत हसत खाली बसली. मग डोळे पुसून नर्ससारखी उभी राहिली. "पण हे असं वाटायचं नाही हं. कीर्तनकार बुवा वाचतील. आईचे देवळ्याचे मामा वाचतील. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तेराव्याला चुकलेलं नाव वाचलं, तेव्हा काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"मग आता बरोबर असलेलं वाचून काय म्हणणार?"

तिने पत्रिका हातात फिरवली. नावावरून बोट नेलं, उकारापाशी थांबली. "मोरपंखी छान उठलाय," एवढंच म्हणाली आणि पाकिटं भरायला बसली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी कीर्तन आटोपशीर झालं. बुवांनी पत्रिका वाचलेली दिसत होती. वरण गरम होतं. मिस्तरी बायकोला घेऊन आला आणि चहा वाटताना माझ्या कपावर पोलिसासारखी नजर ठेवून उभा राहिला. पंगत उठल्यावर देवळ्याचे मामा, बायकोचे सख्खे मामा, नव्वदीचे, माझ्याजवळ येऊन टेकले. खिशातून पत्रिका काढली, पहिल्या ओळीला अंगठा लावून कपाळाला लावली.

"जावईबापू," ते म्हणाले, "अख्खं बागलाण मी पायी हिंडलोय, पण हे देसेट कुठं राहिले बघायचे? कसे आहेत हे देव?"

मुलगी मागेच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन.

"लय जागृत हे," मी म्हणालो.

तिने ट्रे तिथेच टेकवला आणि पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.